धुण्याआधीचे खिसे

रात्री मुले झोपली की मशीनला कपडे टाकण्याचे काम आमच्या घरी माझ्याकडे असते. कामांची वाटणी लग्नानंतर लगेच झाली, तेव्हा यादीतले सर्वांत सोपे काम म्हणून मी ते हसत उचलले होते, आणि पहिली काही वर्षे ते खरोखरच सोपे होते. पुढे घरात दोन मुले आली, चालू लागली, वाकून रस्त्यावरच्या वस्तू उचलू लागली, आणि कपडे टाकण्याआधी खिसे तपासणे हेच मूळ कामापेक्षा मोठे काम होऊन बसले. पावसाळ्यात खिशांतून एखादा भिजलेला कागद निघतो, दिवाळीत फुलबाजीची तार निघते, बाकी काही नाही. माघ सरत आला की मात्र खिसे फुगू लागतात. पंचांगातला वसंत चैत्र-वैशाखाचा असेल. आमच्या धाकट्याच्या खिशातला त्याच्या महिनाभर आधीच सुरू झालेला असतो.

आम्ही ठाण्यात पोखरण रस्त्याच्या बाजूला राहतो. शाळेची बस मुलांना जिथे सोडते तिथून आमची इमारत मोठ्या माणसाच्या चालीने चार मिनिटांवर आहे, आणि थोरली तिसरीत व धाकटा साडेचार वर्षांचा असताना फाल्गुनातल्या दुपारी हेच अंतर अर्ध्या तासाचे होते. वाटेत वर्षावृक्ष आहेत, त्यांच्या काळ्या, काकवीसारखा वास येणाऱ्या चिकट शेंगा चपलेला धरून बसतात. सोनमोहर आहे, पुढे गुलमोहर आहे. एका बंगल्याच्या कुंपणाबाहेर झुकलेला आंबा आहे, आणि त्याच्याखाली गोटीएवढ्या कैऱ्यांचा सडा असतो. आंब्याच्या एकेका तुऱ्यात शेकड्यांनी फुले येतात आणि अखेर टिकते ते एखाददुसरे फळ. उरलेले सगळे गळण्यासाठीच असते, हे मी मुलांना समजावून सांगितले, त्यातून त्यांनी एवढाच अर्थ घेतला की गळलेले ते आपले. कैरीच्या देठाशी असलेला चीक सुती कापडावर आधी दिसत नाही आणि नंतर जात नाही. गणवेशाच्या दोन शर्टांच्या खिशांना तळाशी तपकिरी नकाशे आहेत, ते याच चिकाचे.

रविवारी आम्ही उपवनाकडून येऊरच्या चढाला लागतो. आत राष्ट्रीय उद्यान आहे, तिथून काही उचलून आणायचे नाही हे मुलांना पाठ आहे. त्यामुळे त्यांचा सगळा जोर फाटकाच्या अलीकडच्या रस्त्यावर असतो, आणि फाटक नेमके कुठे सुरू होते यावर बहीण-भावांत दर आठवड्याला वाद होतो. काटेसावर तेव्हा एकही पान न ठेवता लालभडक फुललेली असते. तिचे फूल पडते तेव्हा आवाज होतो. हे मला चाळिशीपर्यंत माहीत नव्हते, कारण फूल पडल्याचा आवाज ऐकण्याइतका वेळ मी कोणत्याही झाडाखाली उभा राहिलो नव्हतो. जाडजूड पाच पाकळ्यांचे ते ओले, जड फूल डांबरावर थप्प असे आपटते, आणि धाकटा त्या आवाजाच्या दिशेने धावतो. पाकळ्या गेल्यावर उरणारी हिरवी वाटी बोटावर टोपीसारखी बसते. अशा पाच टोप्या घालून तो घरी येईपर्यंत मूठ मिटत नाही, की माझा हात धरत नाही.

खरा प्रसंग घडला तो एप्रिलमध्ये. सावरीची बोंडे तेव्हा वाळून तपकिरी होतात आणि उकलायच्या बेतात असतात. असेच एक न उकललेले, वीतभर नाही तरी पाच-सहा इंचांचे बोंड धाकट्याच्या चड्डीच्या खिशात राहिले आणि त्या रात्री, ऑफिसचे एक काम डोक्यात असल्यामुळे, मी तो एकच खिसा तपासायला विसरलो. सकाळी मशीनचे दार उघडले तेव्हा आत बर्फ पडला होता. शाळेचे मोजे, टॉवेल, माझी काळी पँट, सगळ्यांवर पांढरा रेशमी कापूस समान न्यायाने वाटला गेला होता. बायकोने आपला काळा कुर्ता दोन बोटांत उचलून पाहिला आणि ती एवढेच म्हणाली, "ह्याला दाढी फुटली आहे."

मी शहाणपणाने कपडे पुन्हा धुवायला लावले, आणि त्यानंतर ते होते त्याहून वाईट दिसू लागले. याचे कारण नंतर समजले. शेतातल्या कपाशीचा तंतू बियाण्याच्या सालीवर उगवतो. सावरीचा तंतू बोंडाच्या आतल्या भिंतीवर तयार होतो आणि बिया त्यात नुसत्या गुरफटलेल्या असतात, म्हणून बोंड उकलले की सगळेच सुटे होते. शिवाय हा तंतू गुळगुळीत आणि मेणचट असतो. त्याचे सूत नीट कातले जात नाही, पण पाणी तो सहज शोषत नाही, म्हणून आपल्याकडे त्याच्या उशा भरल्या, आणि त्याच्याच जातकुळीतल्या कापसाने एकेकाळी बोटीवरची तरंगण्याची जाकिटे भरली जात. बुडू नये म्हणून जन्मलेल्या वस्तूला मी पाण्याने घालवू पाहत होतो. शेवटी सगळे कपडे उन्हात कडकडीत वाळवून गॅलरीत झटकले, तेव्हा कापूस उडू लागला आणि दोन्ही मुले "म्हातारी, म्हातारी" म्हणत त्याच्यामागे उड्या मारू लागली. खरी म्हातारी रुईच्या बीची असते, तिच्या डोक्यावर स्वतःचा केसांचा झुबका असतो, ही दुरुस्ती मी सुचवली. ती कोणी ऐकली नाही.

त्या दिवसापासून मशीनवर श्रीखंडाचा एक रिकामा डबा ठेवला आहे. खिशातून निघालेली वस्तू आधी त्या डब्यात जाते आणि दर रविवारी, मालकाला विचारूनच, टाकली जाते. मालक बहुधा नाही म्हणतात. परवा डब्यात पाहिले तर पाडव्याच्या गाठीचा विरघळून पुन्हा वाळलेला गुलाबी तुकडा होता, वर्षावृक्षाच्या अडीच शेंगा होत्या, सोनमोहराच्या सुरकुतलेल्या पिवळ्या पाकळ्या, कुठलासा स्क्रू, आणि तळाशी लालभडक रतनगुंजा होत्या. रतनगुंजा थोरलीच्या. आजीने तिला आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा सांगितल्यापासून ९६ गुंजा जमवून एक तोळा करण्याचा तिचा बेत आहे. सराफाच्या वजनाची गुंज निराळी, काळ्या टोपीची, वेलीवरची आणि विषारी. ती घरात येऊ द्यायची नाही म्हणून मी प्रत्येक दाणा उजेडात धरून पाहतो. तोळ्याच्या हिशेबात यामुळे खोट येते, पण तिला ते मान्य आहे. सध्या ६१ झाल्या आहेत.

रतनगुंजा तिच्या आणि त्या निघाल्या भावाच्या खिशातून, हे माझ्या लक्षात यायला मात्र फार उशीर झाला. वर्षभर खिसे उलटे करणाऱ्या माणसाला ते पहिल्या आठवड्यात दिसायला हवे होते: थोरलीच्या कपड्यांना खिसेच नाहीत. गणवेशाच्या फ्रॉकला एक आहे, त्यात रुमाल गेला की तो भरला. घरच्या फ्रॉकना खिशाच्या जागी कुठे फुले भरलेली आहेत, कुठे नुसती शिवण आहे, आणि एकाला तर खिशाचे झाकण आहे पण खिसा नाही. ही लबाडी कोणाच्या डोक्यातून निघाली असेल कोण जाणे. तिने त्यावर परस्पर तोड काढली होती. भावाचे खिसे तिने भाड्याने घेतले होते आणि दर पाच वस्तूंमागे एक त्याची, अशी हमाली ठरली होती. ते सावरीचे बोंडही तिचेच होते. धाकट्याने त्या दिवशी सगळ्यांची बोलणी खाल्ली, पण मालकाचे नाव सांगितले नाही.

मे महिन्यात घरात लग्न आहे. त्यासाठी थोरलीला परकर-पोलके शिवायचे म्हणून आम्ही जांभळी नाक्याजवळच्या आमच्या नेहमीच्या शिंप्याकडे गेलो. त्यांनी मापे घेतली, वहीत लिहिली, आणि आम्ही निघणार इतक्यात ती म्हणाली, "काका, परकराला खिसा पाहिजे."

"परकराला? बरं. रुमालापुरता?"

"नाही. खोल."

त्यांनी टेप तिच्या मांडीवर धरून चार इंचांवर बोट ठेवले. तिने मान हलवली. त्यांनी बोट पाचावर नेले आणि वहीत पाच लिहिले. तेव्हा तिने धाकट्याकडे पाहिले. त्याने खिशात हात घातला, यंदाचे, अजून हिरवे असलेले एक बोंड बाहेर काढले आणि टेबलावर खडूशेजारी ठेवले. शिंप्याने माझ्याकडे पाहिले, मी काही बोललो नाही. त्यांनी बोंडाला टेप लावला आणि वहीतले पाच खोडून सात केले.