करंगळीएवढी पिन आणि सहा आठवडे

“पिन सुटी मिळत नाही काका, अख्खा ब्रॅकेटचा सेट घ्यावा लागेल.”

हे वाक्य मला आता झोपेतही ऐकू येतं. पण आधी बोटीबद्दल.

पानशेतच्या पाण्यावर शिडाच्या होड्या शिकवणारा आमचा एक लहानसा गट आहे. मुलं होड्या उलट्या करतात, त्यांना उचलायला मागे मोटरबोट लागते. जानेवारीत आम्ही अलिबागकडची एक जुनी चौदा फुटी फायबरची बोट घेतली. पाठीला पंचवीस हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून टांगलेलं इंजिन. स्टिअरिंग नाही, मागच्या फळीवर बसून इंजिनाचा दांडा हातात धरून चालवायची. व्यवहार, टेम्पो, परवानग्या सचिवांनी केल्या, त्यात मी नाक खुपसलं नाही.

पहिल्याच सकाळी सात वाजता पाणी आरशासारखं होतं. थ्रॉटल अर्ध्याच्या पुढे नेला आणि बोटीचं नाक वर, धप्प, परत वर, परत धप्प. घड्याळ लावावं इतक्या ठेक्यात. पुढे बसलेला भाचा ओरडला, “मामा, दाताची कवळी असती तर पडली असती!” आमचा नावाडी म्हणाला, “काका, पाणी हलतंय.” पाणी कुठे हलत होतं? थ्रॉटल जरा कमी केला की उड्या बंद, वाढवला की चालू. लाटांचा दोष असता तर धक्के असे मोजून मापून बसले नसते.

या प्रकाराला इंग्रजीत पॉरपॉइझिंग म्हणतात, त्या नावाचा डॉल्फिनसारखा मासेखाऊ प्राणी पाण्यातून जसा वर-खाली करत जातो त्यावरून. बोट वेगात आली की पाण्यावर उचलली जाते आणि तळाच्या मागच्या थोड्याशा भागावर घसरत चालते. इंजिनाचा पाय, म्हणजे पाण्यात उतरणारा भाग, मागच्या बाजूला जास्त बाहेर झुकलेला असेल तर त्यावरच्या पंख्याचा (प्रोपेलरचा) जोर नाकाला वर रेटतो. नाक वर गेलं की पाण्याला टेकलेला तळ आणखी आखूड होतो, तेवढ्यावर वजन पेलत नाही आणि नाक खाली आपटतं. आपटलं की पुन्हा उचल. इलाज मुख्यतः दोन दिशांनी असतो, एकतर जोराचा कोन बदला, नाहीतर वजन पुढे न्या.

मोठ्या इंजिनांना कोन बदलायला बटण असतं. आमच्यासारख्या लहान इंजिनाला ते बोटीला धरून ठेवणाऱ्या ब्रॅकेटमध्ये चार-पाच भोकं असतात आणि आरपार एक पिन. पिन कुठल्या भोकात आहे त्यावर पाय किती आत, किती बाहेर ते ठरतं. आमची सगळ्यात बाहेरच्या भोकात होती. म्हणजे दुखणं पाच मिनिटांत सापडलं. पिन काढा, एक भोक आत घाला, झालं.

पिन निघाली तर ना. बोट इतकी वर्षं खाऱ्या पाण्यात होती. ॲल्युमिनियमच्या ब्रॅकेटमध्ये लोखंडी पिन बसली की दोन धातू आणि मीठ मिळून तिला अशी काही गच्च धरतात की जणू ओतलीच आहे. मी चाळीस वर्षं टूलरूममध्ये काढली आहेत, त्यामुळे घाई केली नाही. गंज सोडवणारं तेल तीन रात्री मुरवलं, ब्लोअरने शेकलं, पितळी ठोकणीने ठोकलं. (इंजिन आधी वर उचलून लॉक करा आणि शिवाय खालून टेकू द्या. पिनेवर भार असताना ती काढायला गेलात तर पन्नासेक किलोचं धूड तुमच्या बोटांवर येईल.) चौथ्या दिवशी पिन निघाली, दोन तुकड्यांत.

आणि मग सुरू झाला तो काउंटर. शहरातल्या या इंजिनाच्या सुट्या भागांच्या दुकानाचं नाव लिहीत नाही, लिहून माझाच रक्तदाब वाढेल. काउंटरवरच्या मुलाने कॉम्प्युटरवर चित्र उघडलं, पिनेला वेगळा नंबर होता, मी तो बोट ठेवून दाखवला. तरी तेच: सुटी मिळत नाही, सेट घ्या. सेटची किंमत ऐकून मी खुर्चीत बसलो. बोटीच्या एकूण किमतीचा एक दशांश! मी म्हटलं, ब्रॅकेट धडधाकट आहे, मला फक्त ही हवी, आणि खिशातून तुकडे काढून काउंटरवर ठेवले. त्याने ते पुसून पाहिले आणि विचारलं, “काका, पंखा बदलून पाहिलात का? उड्या पंख्यामुळे पण मारतात.” मारतात, हे खरं. मागचा भाग उचलून धरणारे पंखे असतात, त्यांनी फरक पडतो. पण पिनच जागेवर नसलेल्या इंजिनाला पंखा विकणं म्हणजे चष्मा मागितला तर टोपी देणं.

शेवटी आतून मोठे साहेब आले, “मागवून देतो, आठ दिवस, ॲडव्हान्स भरा.” भरला. सगळी चूक इथेच झाली. ॲडव्हान्स दिला की माणूस अडकतो. आठ दिवसांनी फोन केला तर “मुंबईहून निघालंय.” पंधरा दिवसांनी “मार्च एंड चाललाय.” गुढीपाडव्यानंतर “काका, तुमचंच बघतोय.” दरम्यान पानशेतचं पाणी खाली खडकवासल्यात सोडणं चालूच होतं. दर रविवारी सिंहगड रोडच्या गर्दीतून दीड-दोन तास खात तिथे जायचो तर काठ आणखी दहा पावलं लांब गेलेला. एकदा मी स्वतः दुकानात जाऊन उभा राहिलो. तोच मुलगा, तेच चित्र, आणि या वेळी म्हणतो, “तोपर्यंत एखादा बोल्ट टाका की.”

बोल्ट टाकू नका. पंख्याचा सगळा रेटा याच पिनेवर येऊन बोटीला लागतो. साध्या बोल्टचे आटे ॲल्युमिनियमची भोकं कुरतडतात, मग खरंच ब्रॅकेटचा सेट घ्यावा लागतो. कदाचित तोच बेत असेल. असो.

त्या रात्री बायकोने जेवताना विचारलं, “तुम्ही आयुष्यभर पिनाच बनवल्यात ना हो?” मी आमटी भुरकत गप्प राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी भोसरीला एका ओळखीच्या लेथवाल्याकडे गेलो. ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचा गज होताच. जुने तुकडे जोडून लांबी घेतली, भोकाला कॅलिपर लावून व्यास घेतला, टोकाला क्लिपसाठी छिद्र मारलं. चाळीस मिनिटं, साडेतीनशे रुपये, त्यात चहा. त्याला म्हटलं, दोन कर. सहा आठवडे कशासाठी थांबलो ते अजून कळलेलं नाही. ग्रीस लावून बसवली, आणि दर महिन्याला काढून पुन्हा ग्रीस लावतो. गोड्या पाण्यात इतकं लागत नाही, पण मी चटका खाल्लेला माणूस आहे.

एप्रिलच्या शेवटी बोट चिखलातून दीडशे-दोनशे फूट ओढत पाण्यात घातली. एक भोक आत घेतलं, उड्या निम्म्यावर आल्या. आणखी एक आत घेतलं तर दोघं-तिघं बसलेले असताना पार बंद. तिसरं घ्यायचा मोह झाला, घेतलं, आणि पस्तावलो. नाक पाण्यात घुसलं, दांडा जड झाला, बोट आपोआप एका बाजूला ओढायला लागली. अशा वेळी वेगात वळण घेतलं तर बोट गर्रकन फिरते. म्हणून एका वेळी एकच भोक, आणि इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला बांधूनच चाचणी. लाइफ जॅकेट तर हवंच.

एकटा चालवताना मात्र पूर्ण वेगात थोडी धपधप उरलीच होती. साहजिक आहे, मी मागे, इंजिन मागे, पेट्रोलची टाकीही मागे. पंचवीस लिटर पेट्रोल म्हणजे अठरा-एकोणीस किलो होतात, टाकीचं वजन वेगळं. लांब नळी लावून टाकी पुढच्या फळीखाली नेली, नांगर आणि साखळी नाकात टाकली. दांड्याला फूटभर जोडदांडा मिळतो, तो लावला की स्वतःलाही पुढे सरकून बसता येतं. आणि हो, हे आधीच सांगायला हवं होतं: बोटीत साचलेलं पाणी उपसा. वेग घेतला की ते सगळं धावत मागे येतं.

तरी पूर्ण थ्रॉटलला जरासा डोल राहिला आणि मला तो सहन होईना. बोट उलटी केली, खिडकीवाल्याकडून आणलेला ॲल्युमिनियमचा सरळ पाइप तळाला धरला. मागच्या चार फुटांत तळ वीतभरही सरळ नव्हता. जुन्या मालकाने फायबरचं ठिगळ मारलं होतं, तळ तिथे फुगून मागच्या कडेकडे चार मिलिमीटर वर वळत होता, आणि कडही घासून गोल झालेली. गोल कडेला पाणी चिकटून वर वळतं आणि बोटीची शेपटी खाली ओढतं. ठिगळ घासलं, इपॉक्सीने भरून तळ सपाट केला, कड धारदार काढली. दोन दिवस धूळ खाल्ली (मास्क लावा, फायबरची धूळ वाईट), पण आता मी एकटा पूर्ण वेगात जातो आणि चहाचा कप सांडत नाही. हे काम मात्र शेवटी करायचं. पिन आणि वजन आधी बघा, त्याला पैसे लागत नाहीत. पंख्याच्या वर इंजिनाला जी आडवी प्लेट असते तिच्यावर बसवायचे पंखही (हायड्रोफॉइल) बाजारात मिळतात, काहींना उपयोग होतो म्हणे. पण त्यासाठी बहुतेक वेळा त्या प्लेटला भोकं पाडावी लागतात, आणि पाडलेलं भोक परत घेता येत नाही, म्हणून मी त्या वाटेला गेलो नाही.

जूनमध्ये, पाऊस सुरू झाल्यावर, दुकानातून फोन आला. “काका, तुमची पिन आली!” मी हौसेने गेलो. पिन दुसऱ्याच मॉडेलची होती, दोन सेंटिमीटर आखूड. मुलगा म्हणाला, बदलून मागवतो, आठ दिवस. ॲडव्हान्स अजून त्यांच्याकडेच आहे.