आमची वाटचाल : आठवणींची फाइल आमच्याच मशीनवर

नागपुरात सॉफ्टवेअरची छोटी कंपनी चालवायची, तर दर दोन-तीन वर्षांनी घडी नव्याने बसवावी लागते. इथल्या कॉलेजांतून आलेली मुलं आमच्याकडे तयार होतात आणि मग पुण्याला, नाहीतर हैदराबादला जातात. जाणाऱ्याला आम्ही अडवत नाही. पण त्याच्यासोबत कोडमागची कारणंही निघून जायची.

आमचे ग्राहक म्हणजे पतसंस्था आणि कळमना बाजारातले अडते. एका पतसंस्थेत बचत खात्याचं व्याज १० तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या किमान शिल्लकेवर निघतं. बँका १ एप्रिल २०१० पासून रोजच्या शिल्लकेवर व्याज देऊ लागल्या. या संस्थेने जुनीच पद्धत ठेवली. संत्र्याच्या व्यापाऱ्याला उचलीचा हिशेब आर्थिक वर्षाने नको असतो, आंबिया आणि मृग या संत्र्याच्या दोन हंगामांप्रमाणे, म्हणजे बहारवार हवा असतो.

कोड लिहायला मदत करणारे एआय कोडिंग असिस्टंट आले आणि कामाला वेग आला. पण नवं सत्र उघडलं की पाटी कोरी. असिस्टंटमागच्या एआय मॉडेलला समोर दिलेला मजकूर तेवढा दिसतो, कालचं काही आठवत नाही. व्याजाचा तो भाग दिसला की ते हमखास रोजच्या शिल्लकेचा हिशेब सुचवायचं. बाहेरच्या जगात तेच बरोबर आहे, म्हणून.

आठवण साठवणाऱ्या ऑनलाइन सेवा मिळत होत्या. पतसंस्थेच्या व्यवस्थापकांनी एवढंच विचारलं, "भाऊ, आमच्या सभासदांचं काही बाहेर तर नाही ना जाणार?" तिथेच ठरलं, आठवण आपल्या मशीनवर ठेवायची.

नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या एआय कंपनीने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे असिस्टंटला बाहेरची साधनं आणि माहिती जोडायची ठरलेली पद्धत, सगळ्यांसाठी खुली केली, त्यामुळे वाट सोपी झाली. आमचा मेमरी सर्व्हर, म्हणजे नोंदी ठेवणारा आणि शोधून देणारा प्रोग्राम, असिस्टंटच्याच मशीनवर चालतो आणि स्टँडर्ड इनपुट-आउटपुटवरून, म्हणजे एकाच मशीनवरच्या दोन प्रोग्राममधल्या थेट देवाणघेवाणीने, त्याच्याशी बोलतो. त्यासाठी नेटवर्कचं पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दार, उघडावं लागत नाही. नोंदी एसक्यूलाइट या एका फाइलीत मावणाऱ्या डेटाबेसमध्ये, प्रत्येक ग्राहकाची फाइल वेगळी. शोधाने मात्र बरंच डोकं खाल्लं. मराठीत 'व्याज' कधी 'व्याजाचा' होतं, कधी 'व्याजावर'. पूर्ण शब्द जुळवणारा शोध तिथे अडतो. म्हणून एसक्यूलाइटच्या एफटीएस५ या मजकूर-शोधाच्या सोयीतला ट्रायग्रॅम टोकनायझर (मजकुराचे तुकडे पाडणारा भाग) घेतला, तो तीन-तीन अक्षरचिन्हांचे तुकडे जुळवतो. जोडीला साध्या सीपीयूवर चालणारं छोटं बहुभाषिक एम्बेडिंग मॉडेल आहे, ते वाक्यांच्या अर्थातलं साम्य ओळखतं. त्यामुळे वेगळ्या शब्दांत विचारलं तरी नोंद सापडते.

एक गोष्ट ग्राहकाला आम्ही आधीच सांगतो. फाइल इथे असली, तरी शोधून काढलेली नोंद क्लाउडवरच्या मॉडेलकडे प्रश्नासोबत जातेच, आणि कोडही जातो. म्हणून नोंदीत फक्त नियम आणि त्याचं कारण असतं; नाव, आधार क्रमांक, शिल्लक यातलं काहीही नाही. कोडही बाहेर नको म्हणणाऱ्यांसाठी ओलामा या आपल्याच मशीनवर मॉडेल चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर खुलं मॉडेल ऑफिसातच चालवतो. ते हळू चालतं, मोठ्या बदलांत कमी पडतं. तरी काही संस्थांसाठी मला तोच मार्ग योग्य वाटतो.

लक्षात ठेवण्याइतकंच अवघड काम जुनं ओळखण्याचं. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले आणि १२ टक्क्यांचा टप्पा गेला. जुनी नोंद पुसून टाकावी, तर त्याआधीच्या बिलांचा हिशेब कसा लागणार? त्यामुळे प्रत्येक नोंदीला 'कधीपासून' आणि 'कधीपर्यंत' लागतंच. असिस्टंट नोंद सुचवतो, मंजूर माणूस करतो. यावर मी ठाम आहे. चुकीची आठवण टिकून राहिली, तर ती रोज नव्याने चुकीचा कोड लिहवून घेते.

आता नवीन मुलगा किंवा मुलगी रुजू झाली की कोडच्या आधी त्या ग्राहकाच्या नोंदी वाचते. करार संपला की फाइल ग्राहकाच्या हाती देतो आणि आमच्याकडची प्रत, बॅकअपसकट, पुसतो.