पाच एकर उसाचं पाणी
रब्बीची पेरणी तोंडावर होती आणि मंगळवेढा तालुक्यातल्या एका गावात पाण्याचा ताळेबंद मांडायला ग्रामसभा बसली होती. सकाळीच आम्ही विहिरींत टेप सोडून पातळी मोजली होती. पाऊस सरून फार दिवस झाले नव्हते, तरी वरच्या अंगाच्या विहिरीत पाण्याची ओली रेघ कड्यावर राहिली होती आणि पाणी तिच्या चांगलं हातभर खाली गेलं होतं.

फळ्यावर आधी पिण्याचं पाणी मांडलं. वस्ती दोन हजारांची. माणशी दिवसाला 55 लिटर धरले तर वर्षाला चार कोटी लिटर. मग ऊस. पाटाने भिजवलेल्या उसाला 2,000 मिलिमीटर तरी पाणी लागतं, म्हणजे एकरी 80 लाख लिटर. पाच एकर उसात अख्ख्या गावाचं वर्षाचं पिण्याचं पाणी जातं, हे मी मोठ्याने वाचलं तशी मागे बसलेल्या बायकांत कुजबुज सुरू झाली. उन्हाळ्यात टँकरपुढे त्याच उभ्या असतात.

एक मावशी उठल्या. "आमच्या ज्वारीला एक पाणी मिळंल का, तेवढं सांगा."

इथली मालदांडी ज्वारी काळ्या रानातल्या ओलीवर येते. पोटरीत, म्हणजे कणीस बाहेर पडायच्या आधी, एक पाणी मिळालं की कणीस भरतं, कडबाही वाढतो. ते सहा सेंटिमीटर धरलं, तर एक एकर उसाच्या पाण्यात तीसेक एकर ज्वारी निभावते. घरची भाकरी आणि जनावरांची वैरण, दोन्ही त्यात आलं.

ऊसवाले आप्पा शांतपणे म्हणाले, "कारखाना ऊस नेतो, पैसे खात्यावर येतात. ज्वारी काढायला माणूस मिळत न्हाई, आन् भाव पडला तर कुणाकडं जायचं?"

त्यांचं खरंच होतं. पाणी गावाने वाचवायचं आणि भावाची जोखीम एकट्या शेतकऱ्याने सोसायची, हा अन्याय आहे. ज्वारीची खरेदी वेळेवर आणि जवळ झाली, तर ऊस सोडायला कितीतरी जण तयार होतील, असं माझं ठाम मत आहे.

पुरंदरातल्या नायगावची गोष्टही निघाली. 1972च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी तिथे पाणी पंचायत उभी केली. पाणी घरातल्या माणसांच्या हिशेबाने वाटलं, भूमिहीनांनाही हक्क दिला आणि ऊस बाद केला. या गावाची तेवढी तयारी नव्हती. नवी बोअर घ्यायची नाही, उभा ऊस ठिबकवर न्यायचा आणि ज्वारीचं एक पाणी राखल्याशिवाय उसाची नवी लागण करायची नाही, एवढं ठरलं. आप्पांनी सही केली, पण त्याआधी ज्वारीचं खरेदी केंद्र गावाजवळ हवं, ही मागणी ठरावात घालायला लावली. ग्रामसेवकांनी ती जशीच्या तशी लिहून घेतली.