डर्बीच्या नादी लागू नका: चेक फुटबॉल बघायला जाणाऱ्यांसाठी

प्रागला फुटबॉल बघायला गेलो होतो म्हटलं की प्रत्येक जण एकच विचारतो: स्पार्टा-स्लाविया बघितलंस का? दोन्ही क्लब एकाच शहरातले, म्हणून त्यांचा सामना म्हणजे डर्बी. स्लाविया 1892चा, स्पार्टा 1893चा, आणि एकमेकांशी उभा दावा 1896पासूनचा. सामना बघण्यासारखा असतो यात वाद नाही. पण त्याची तिकिटं आधी सीझन तिकीटवाल्यांना, मग क्लबकडे नाव नोंदवलेल्यांना, आणि उरलीच तर आपल्यासारख्यांना मिळतात. सहसा उरत नाहीत. तेवढ्या एका सामन्यावर विमानाचं भाडं आणि व्हिसा टांगून ठेवणं म्हणजे निव्वळ जुगार. मी आणि माझा आतेभाऊ, आम्ही दोघांनी तो नाद पहिल्यापासून सोडला आणि छोट्या मैदानांवर भर दिला. चेक फुटबॉलची खरी गंमत तिथेच आहे असं माझं मत आहे, आणि पुढचं सगळं त्याच मताच्या माणसाने लिहिलंय हे धरून चाला.

आधी तारखांचं बघू, कारण घोळ तिथेच होतो. पहिल्या, म्हणजे देशातल्या सगळ्यात वरच्या विभागात 16 संघ. मोसम जुलैत सुरू होतो, डिसेंबरच्या मध्याला थंडीमुळे थांबतो आणि फेब्रुवारीत पुन्हा चालू होतो. म्हणजे नाताळची सुट्टी धरून गेलात तर ख्रिसमसचे बाजार दिसतील, फुटबॉल नाही. 30 फेऱ्या संपल्या की गुणतक्त्याचे तीन तुकडे पडतात: वरचे 6 विजेतेपदासाठी, खालचे 6 विभागात टिकून राहण्यासाठी आणि मधले 4 युरोपातल्या स्पर्धेत जागा मिळण्याच्या आशेवर. या शेवटच्या टप्प्यात कोण कोणाशी आणि कोणाच्या मैदानावर खेळणार, हे 30वी फेरी होईपर्यंत कोणालाच माहीत नसतं. आपल्याकडे मुलांना सुट्ट्या मे महिन्यात, म्हणून कुटुंबासकट जाणारे बहुतेक जण नेमके याच टप्प्यात सापडतात. सामने रंगतदार होतात, पण आधीपासून काही ठरवता येत नाही. माझं ऐकाल तर ऑगस्टचा शेवट किंवा एप्रिलची सुरुवात गाठा. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर आणि मार्चमध्ये राष्ट्रीय संघांच्या सामन्यांसाठी लीग बंद असते, ते शनिवार-रविवार कॅलेंडरवर आधीच खोडून टाका.

शिवाय लीगच्या कार्यक्रमात लिहिलेली तारीख ही फक्त त्या शनिवार-रविवारची खूण असते. सामना नक्की कोणत्या दिवशी आणि किती वाजता, हे टीव्हीच्या सोयीने काही आठवडे आधी ठरतं. परतीचं विमान रविवारी संध्याकाळचं घेऊ नका.

आता व्हिसाला तर हॉटेलचं बुकिंग दाखवावं लागतं. यावर उपाय एकच: मुक्काम प्रागला, आणि बुकिंग रद्द करता येणारं. 2024 मध्ये दुक्ला हा क्लब खालच्या विभागातून वर आला तेव्हा पहिल्या विभागात प्रागचेच चार क्लब झाले, त्यामुळे लीग चालू असेल तर शहरात सामना मिळतोच. शेंगेन व्हिसाची फी 2024पासून 90 युरो आहे, आणि प्रवास विमा किमान 30,000 युरोंचा लागतो. जर्मनी किंवा ऑस्ट्रिया जोडून करणार असाल तर जास्त रात्री ज्या देशात, अर्ज त्या देशाकडे.

प्रागमध्ये पोचलात की 22 नंबरची ट्राम ओळखून ठेवा. पर्यटक ती किल्ल्यावर जाण्यासाठी घेतात, आपण उलट्या दिशेने जायचं, व्हर्शोव्हित्से या भागाकडे. तिथे एकाच रस्त्यावर दोन क्लब आहेत, मधलं अंतर पायी पाव तासाचं. अलीकडे बोहेमियन्सचं मैदान द्योलिचेक, पलीकडे स्लावियाचं एडेन. तिकीट ट्राममध्ये चढल्यावर पिवळ्या यंत्रात छापून घ्या. नुसतं खिशात असलेलं तिकीट तपासनीसाच्या लेखी तिकीट नसतं.

द्योलिचेकबद्दल जरा जास्त लिहिणार आहे. मैदान इतकं लहान की पहिल्या रांगेत बसलं तर थ्रो-इन घेणाऱ्याचा श्वास ऐकू येतो. शेजारून बोतिच नावाचा ओढा वाहतो, आणि आजूबाजूच्या इमारतींच्या खिडक्यांत माणसं कोपर टेकून फुकटात सामना बघत असतात. क्लबचं चिन्ह कांगारू. 1927 साली हा संघ ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर गेला. तेव्हा त्याचं नाव व्हर्शोव्हित्सेवरून होतं, ते तिकडे कोणाच्या जिभेवर बसेना म्हणून बोहेमियन्स झालं. दौऱ्यावर जिवंत कांगारू भेट मिळाले आणि तेव्हापासून कांगारू छातीवर बसला तो बसलाच. आंतोनीन पानेन्का इथलाच. 1976च्या युरो चषकाच्या अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीविरुद्ध ज्याने शेवटची पेनल्टी गोलकीपरला आडवं झोपवून अलगद मधून टाकली, तो.

पण मला या क्लबची ओढ लागली ती 2005च्या गोष्टीमुळे. क्लबचं दिवाळं निघालं होतं, खालच्या विभागात घसरण झाली होती, आणि चाहत्यांनी वर्गणी काढून, आपली सहकारी संस्था उभी करून तो वाचवला. आम्ही मूळचे कोल्हापूरचे. पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या संघांच्या सामन्याला शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर पेठेसाठी घसा बसवून घेतलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला लागत नाही. माझ्या शेजारी हिरव्या टोपीतले एक आजोबा बसले होते. मांडीखाली घरून आणलेली उशी, हातात प्लास्टिकच्या पेल्यात बिअर, आणि रेफ्रीच्या प्रत्येक निर्णयावर मान हलवून एकच शिवी, दर वेळी त्याच सुरात. मध्यंतराला त्यांनी खुणेनेच विचारलं, कुठले? भारत म्हटल्यावर मैदानाकडे बोट दाखवून कपाळाला हात लावला. इतक्या लांबून हे बघायला आलात? बोहेमियन्सचा संघ त्या दिवशी खरंच भिकार खेळत होता.

इथलं तिकीट काही शे कोरुनांत (हे चेक चलन) येतं आणि मोठ्या संघाविरुद्धचा सामना सोडला तर क्लबच्या वेबसाइटवर सहज मिळतं. एका क्लबच्या साइटने माझं भारतीय कार्ड घेतलंच नाही, तेव्हा दोन वेगळ्या बँकांची कार्डं जवळ ठेवा. नाहीच जमलं तर लहान मैदानांवर सामन्याच्या दिवशी खिडकीवर तिकीट मिळतं, तिथे थोडी रोकड असू द्या. रोकड एटीएममधून काढा. जुन्या शहरातल्या मनी चेंजरकडे गेलातच आणि दर बघून फसल्यासारखं वाटलं, तर पावती घेऊन लगेच परत फिरा: 2019च्या कायद्याने तीन तासांच्या आत व्यवहार रद्द करता येतो.

तिकीट घेताना नकाशावर दोन जागा टाळा. एक ‘कोतेल’, म्हणजे घरच्या कट्टर समर्थकांचा गोलमागचा स्टँड. तिथे 90 मिनिटं उभं राहायचं, गायचं, आणि फोन काढून व्हिडिओ घेत बसलात तर कोणीतरी खांद्यावर हात ठेवून तो खिशात घालायला लावतं. दुसरी, ‘होस्ते’ लिहिलेला पाहुण्यांचा पिंजरा. बाजूच्या लांब स्टँडचं तिकीट घ्या, सामनाही तिथूनच चांगला दिसतो आणि कोतेलही समोर राहतो.

एडेन हे त्या मानाने चकचकीत प्रकरण. 2008चं स्टेडियम, 19 हजारांच्या वर माणूस मावतो, पोटात हॉटेलसुद्धा आहे. 2023ची कॉन्फरन्स लीग या युरोपियन स्पर्धेची फायनल, वेस्ट हॅम विरुद्ध फियोरेंटिना, इथेच झाली. उत्तरेकडचा स्टँड गायला लागला की पाठीत शिरशिरी येते, पण बाकी सगळं कुठल्याही युरोपियन स्टेडियमसारखं. स्लाविया युरोपियन स्पर्धेत खेळत असेल तर मधल्या वारी रात्रीचा सामना मिळू शकतो.

स्पार्टाचं मैदान लेतनाला, नदीच्या वरच्या पठारावर. ट्रामच्या थांब्याचं नावच स्पार्टा. सामन्याच्या दोन तास आधी लेतनाच्या बागेतल्या बिअर गार्डनमध्ये जा. खाली नदी, पूल, जुनं शहर सगळं एका नजरेत येतं आणि आजूबाजूला लाल स्कार्फवाले जमायला लागतात. रंगांचं मात्र भान ठेवा. स्लावियाचा लाल-पांढरा स्कार्फ कालच घेतला असेल तर तो हॉटेलवर राहू द्या. काळा किंवा राखाडी जॅकेट सगळीकडे चालतं.

सुरक्षिततेबद्दल घरचे विचारतात म्हणून सांगतो. आम्हाला कुठेही त्रास झाला नाही, छोट्या गावांत लोक वळून बघतात एवढंच. पण या फुटबॉलमध्ये वर्णद्वेष नाही असं म्हणणं खोटं ठरेल. 2021 मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्सविरुद्धच्या सामन्यातल्या प्रकरणावरून युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेने, स्लावियाच्या एका खेळाडूवर 10 सामन्यांची बंदी घातली होती. मोठ्या सामन्याआधी स्टेशनवर घोषणा देत निघालेला जमाव दिसला तर पुढची ट्राम पकडा. गर्दीत पिवळ्या जाकिटातले ‘अँटीकॉन्फ्लिक्ट’चे पोलीस फिरत असतात. वाट विचारायची तर त्यांनाच विचारा, त्यांचं कामच लोकांशी बोलण्याचं आहे.

खाण्याचं काय? स्टेडियमवर क्लोबासा, म्हणजे भाजलेला जाडजूड सॉसेज, सोबत ब्रेडचा तुकडा आणि कागदी ताटलीत मोहरीचा गोळा. डुकराचं मांस असतं हे गृहीत धरा. न खाणाऱ्यांनी आधी पबमध्ये जेवून निघावं: तळलेलं चीज, ‘स्माझेनी सीर’, जवळपास सगळीकडे मिळतं, त्याबरोबर बटाटे. अंडंही चालत नसेल तर अवघड आहे, कारण त्याच्या वरच्या आवरणात अंडं असतं. दशम्या आणि चटणी नेण्यात लाज कसली, पण त्या स्टेडियमच्या गेटवर अडतील, म्हणून ट्राममध्येच संपवा. बिअरच्या पेल्याचं डिपॉझिट घेतात, पेला परत करून ते मागून घ्या. लहान पोरं पडलेले पेले गोळा करून खिसे भरत असतात, त्यांना दिलात तरी पुण्यच.

रविवारी सकाळ मोकळी ठेवा. खालच्या विभागांत सव्वादहाला सामना ठेवायची जुनी पद्धत आहे. चर्च नाही तर फुटबॉल, आणि मग घरी जेवायला. आदल्या रात्री कार्यक्रम बघून प्रागमधलं कुठलंही मैदान निवडा, दुपारचा मोठा सामना आरामात गाठता येतो. झिझ्कोव्हचा व्हिक्टोरिया क्लब मुख्य स्टेशनपासून चालत जाण्याइतका जवळ आहे. 1928 साली देशाचा विजेता होता, चषकही दोनदा जिंकलाय. आजचे दिवस साधेच, पण आजूबाजूला पबच पब. दुक्लाचं युलिस्का टेकडीच्या उतारावर आहे. एके काळचा सैन्याचा क्लब, 1962चा बालोन द’ओर, म्हणजे युरोपातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार जिंकणारा योसेफ मासोपुस्त याच मैदानावरचा, त्याचा पुतळा तिथे उभा आहे. गर्दी तुरळक. म्हणूनच आवडलं.

सामना नसलेल्या दिवशी स्ट्राहोव्हला जाऊन या. दोन लाखांहून जास्त माणसांसाठी बांधलेलं स्टेडियम, सामूहिक कवायतींच्या काळातलं. मधल्या जागेत आठ फुटबॉल मैदानं बसतील एवढं अवाढव्य, आणि आता तिथे स्पार्टाचा सराव चालतो. पायऱ्यांच्या भेगांत गवत उगवलंय.

प्रागबाहेर जायला रेल्वे उत्तम, तिकीट आधी काढलं की स्वस्त पडतं. प्लझेन दीड तासाच्या आत. स्टेडियम आणि पिल्सनर उर्केल बिअरचा कारखाना चालत जाण्याच्या अंतरावर, तेव्हा दिवस कसा घालवायचा हे सांगायला नको. ह्रादेत्स क्रालोवेचं नवं स्टेडियम 2023 मध्ये उघडलं. तिथले दिव्यांचे खांब लॉलीपॉपसारखे आहेत, जुन्या मैदानाची ती ओळख गावाने हट्टाने जपली. ओलोमोउत्सच्या सिग्मा क्लबने 2025 मध्ये स्पार्टाला हरवून चेक चषक जिंकला. गाव देखणं आहे, आणि तिथलं त्वारूझ्की नावाचं उग्र वासाचं चीज घेऊन ट्रेनमध्ये चढलात तर अख्खा डबा रिकामा होईल.

ओस्त्रावा मात्र चुकवू नका. तीन-साडेतीन तासांचा प्रवास, एके काळचं कोळशाच्या खाणींचं गाव, निळ्या-पांढऱ्या बानिक क्लबचं. इथली सगळ्यात प्रसिद्ध घोषणा घरच्यांसमोर म्हणून दाखवण्यासारखी नाही, पण सगळं मैदान ती एकदम देतं तेव्हा आपणही ओठ हलवतो. सीमेपलीकडच्या काटोवित्सेच्या क्लबशी इथल्या चाहत्यांची जुनी दोस्ती असल्याने स्टँडमध्ये पोलिश झेंडेही दिसतात. दुपारी व्हिटकोव्हित्सेचा बंद पडलेला पोलादाचा कारखाना बघा, आता तिथे फिरता येतं. सामना संध्याकाळचा असेल तर त्याच रात्री प्रागला परतायचा हिशेब मांडू नका. स्टेशनजवळ खोली घ्या आणि सकाळची गाडी पकडा. रात्रीच्या गाडीत अख्खा डबा पाहुण्या समर्थकांचा निघाला तर झोप विसरा.