फोन ‘गहाळ’ झाला नव्हता, चोरीला गेला होता

गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. ऑफिसातून निघायला उशीर झाला म्हणून रात्री पावणेनऊची स्लो लोकल पकडली. महिला डब्यात बसायला जागा होती, पण लेकीशी बोलताना आवाज तुटत होता म्हणून दारापाशी येऊन उभी राहिले. गाडी सुटली आणि फलाटावरून डब्याबरोबर दोन पावलं पळत आलेल्या एका मुलानं हातातून फोन ओढून नेला. अंगठ्याचं नख मुळाशी फाटलं. डब्यातल्या एका मावशींनी मला दंड धरून आत खेचलं. मी उडी मारायच्या बेतात होते म्हणे. मला स्वतःला ते आठवतसुद्धा नाही. फोनपायी चालत्या गाडीतून उतरू नका, कळकळीनं सांगते.

त्याच मावशींच्या फोनवरून नवऱ्याला कळवलं. मी पुढच्या स्टेशनात उतरेपर्यंत त्यानं सिम बंद करून घेतलं, बँकेला फोन करून खातं आणि यूपीआय थांबवलं. ही दहा मिनिटं फार मोलाची असतात.

फलाटावर उभे असलेले जवान आरपीएफचे, म्हणजे रेल्वे सुरक्षा दलाचे निघाले. आरपीएफ केंद्राचं, चोरीचा गुन्हा नोंदवतात ते राज्याचे लोहमार्ग पोलीस, म्हणजे जीआरपी. हे ठाऊक नसलं की माणूस नुसता या टोकाकडून त्या टोकाकडे चालत राहतो.

पोलीस ठाण्यात ठाणे अंमलदारांनी एक छापील अर्ज पुढे सरकवला. त्यावर आधीच लिहिलेलं होतं, ‘प्रवासादरम्यान माझा मोबाईल गहाळ झाला आहे.’

“ताई, सिमला, विम्याला हे चालतं. गुन्हा दाखल केलात तर उगाच कोर्टाच्या फेऱ्या.”

“साहेब, गहाळ नाही झाला. हातातून ओढून नेलाय.”

मी अंगठा दाखवला. मग हद्दीचा प्रश्न निघाला, घटना मागच्या स्टेशनातली. माझा दीर वकिली करतो. ठाण्यातल्याच एका प्रवाशाचा फोन मागून त्याला विचारलं. तो म्हणाला, हद्द कुठलीही असो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे झीरो एफआयआर घ्यावीच लागते. आणि दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं ललिता कुमारी खटल्यात 2013 सालीच सांगितलंय. आवाज न चढवता, एवढंच सांग, असंही तो म्हणाला. मी तसंच सांगितलं आणि बाकड्यावर बसून राहिले. तासाभरानं आतून एक मॅडम आल्या, त्यांनी मला शेजारी बसवून जबाब घेतला.

रंग कुठला, कव्हर कसलं, सगळं विचारलं. कव्हरवर लेकीनं जांभळं फुलपाखरू चिकटवलं होतं, तेही टाईप केलं. मग जबाब वाचून दाखवला. त्यात एक वाक्य होतं, ‘गर्दीचा फायदा घेऊन अज्ञात चोरट्याने फिर्यादीच्या नकळत...’ मी थांबवलं. गर्दी नव्हती. नकळतही नव्हतं, मी त्याचा चेहरा पाहिला होता. हात सवयीनं चालला होता, मॅडमनी लगेच दुरुस्त केलं. ‘नकळत’ आणि ‘हिसकावून’ यांत कलमाचा फरक पडतो. साधी चोरी भारतीय न्याय संहितेच्या कलम 303 मध्ये येते, हिसकावून नेणं 304 मध्ये. म्हणून जबाब नीट वाचल्याशिवाय सही करू नका, कितीही वाजलेले असोत. मला सव्वा वाजला होता. एफआयआरची प्रत मोफत मिळते, तो आपला हक्क आहे. ती घेऊनच निघाले.

एका शब्दासाठी एवढा अट्टहास कशाला, असं घरी सगळ्यांनी विचारलं. मुंबई सुरक्षित शहर, असं आपण अभिमानानं म्हणतो, आणि रात्री उशिरा लोकलनं एकटीनं घरी येताना मलाही ते बऱ्याच अंशी पटतं. पण शहराचा गुन्हेदर काढतात तो नोंदलेल्या गुन्ह्यांवरून, दर लाख लोकसंख्येमागे. महानगरांसाठी लोकसंख्यासुद्धा 2011 च्या जनगणनेची धरत आले आहेत. गुन्हे वाढणं आणि नोंदणी वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं देशभरातल्या गुन्ह्यांची आकडेवारी काढणारी एनसीआरबी स्वतःच आपल्या अहवालात सांगते. ‘गहाळ’ लिहिलेला फोन त्या हिशेबात येतच नाही. मग त्या फलाटावर, त्या वेळेला असे किती फोन जातात हे कुणाच्या कागदावर दिसणार, आणि तिथे माणूस उभा करायचा हे कशावरून ठरणार? मला याचाच राग आला होता, फोनपेक्षा जास्त.

दुसऱ्या दिवशी डुप्लिकेट सिम घेतलं. नव्या सिमवर पहिले 24 तास एसएमएस येत नाहीत, त्यामुळे ओटीपीसाठी एक दिवस थांबावं लागलं. मग फोन ब्लॉक करायला संचार साथी या सरकारी संकेतस्थळाच्या सीईआयआर पोर्टलवर एफआयआरची प्रत, बिल, ओळखपत्र आणि आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख नंबर भरला. हा 15 आकडी नंबर खोक्यावर होता म्हणून वाचले. ब्लॉक झालेला फोन देशात कुठल्याच सिमवर चालत नाही, मात्र कुणी त्यात सिम घातलं तर माग पोलिसांना लागू शकतो. रिक्वेस्ट आयडी जपून ठेवा. फोन सापडला तर त्याच नंबरावरून अनब्लॉक करायचा असतो.

फोन अजून मिळालेला नाही. दोनदा चौकशीला जाऊन आले. तपास अंमलदार सभ्यपणे बोलतात, शेवटच्या वेळी त्यांनी फुलपाखराची आठवणही काढली. घरात आता फ्रीजवर एक कागद लावलाय. आम्हा चौघांच्या फोनमध्ये स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबून जे आयएमईआय नंबर आले, ते लेकीनं स्केचपेननं त्यावर लिहिलेत. सासूबाईंच्या साध्या फोनचासुद्धा.