माय समोर बसली आहे अन् तरी तिची आठवण येते

आमच्या इकडे कोणी वारलं की तेरवीपर्यंत घर भरून राहते, शेजारून भाजी-भाकर येते, लांबलांबचे नातेवाईक उतरतात. पण माणूस खाटेवर बसून बशीत चहा पिऊन रायलं अन् तरी रोज थोडं थोडं चाललं आहे, याच्यासाठी कोणी भेटीला येत नाही. मायच्या डिमेन्शियात, म्हणजे हळूहळू सगळं विसरत जायच्या आजारात, मला सगळ्यात जड हेच जाते. पॉलिन बॉस नावाच्या अमेरिकन बाईंनी 1970 च्या दशकापासून अशाच दुःखावर काम केलंय, माणूस समोर आहे पण आपल्याला ओळखणारं ते नाही, त्यामुळे धड रडताही येत नाही. ते वाचलं अन् हायसं वाटलं, म्हटलं चला, आपणच येडे नाही.

गावात विचाराल तर "म्हतारपणी होतेच असं" म्हणतात. काकूनं बाहेरचं काही असंन म्हणून दोरा बांधला, मी बांधू दिला, त्यात काय जाते. पण तपासणी कराच. डॉक्टरांनी आधी बी12 जीवनसत्त्व अन् थायरॉईड पाहायला लावलं, कारण त्याच्यानंही विसरभोळेपणा येतो अन् तो औषधानं सुधरू शकतो. मायचं तसं नव्हतं, अल्झायमर निघाला, डिमेन्शियाचाच एक प्रकार. 2023 मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात भारतात साठीच्या वरच्या सुमारे 88 लाख लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज आहे, अन् प्रमाण शहरापेक्षा खेड्यात जास्त. म्हणजे आपल्याच गावात अजून दोन-चार घरी हे चालू असंन, बोलत कोणी नाही.

दिवेलागण झाली की मायची घालमेल सुरू होते. अंधार पडताना असं होणं या आजारात नेहमीचं आहे म्हणतात. "दादा, मले घरी जाऊ दे ना रे, गाई येतीन आता." दादा म्हणजे माझा मामा, त्याला जाऊन लय वर्षं झाली. आता मामा गेला हे सांगितलं तर तिला ते दुःख नव्यानं होते, थोड्या वेळात पुसूनही जाते अन् उद्या परत तेच. म्हणून मी म्हणतो, "गाई मी बांधतो माय, तू चहा घे." याला कोणी खोटं म्हणत असंन तर म्हणो.

दुपारी मात्र ती खुश असते. बायको सुपात कापूस देते अन् माय एकेक बोंड उचलून कवडी म्हणजे डागी कापूस इकडे, पांढरा कापूस तिकडे, हात कुठंच चुकत नाही, मधीच "यंदाचा माल हलका हाय" म्हणून नाकही मुरडते. सकाळी जेवली का ते आठवत नाही पण वेचणीच्या बाईचा हात सगळं जाणतो. नवीन आठवणी साठवणारा मेंदूचा भाग या आजारात आधी जातो, हाताला बसलेली सवय बरीच टिकते.

अन् राग येतो हो. रात्री परत परत दार उघडायला उठली की लय राग येतो, मग त्या रागाची लाज वाटते. मी उठून आंगणात जाऊन बसतो, दोन मिनटं, मग आत. लयच झालं तर 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासावर बोलायचा सरकारी नंबर आहे, फुकट, मराठीत बोलता येते. आजारी माणसासाठीच नाही, सांभाळणाऱ्यासाठीही लावा.

माय माझी, पण आंघोळ अन् लुगडं बायकोच करते. फोनवर "काळजी घ्या" म्हणणारे सगळे मलाच म्हणतात, तिला कोणी विचारत नाही. अन् कृपा करून व्हिडिओ कॉलवर "सांग मी कोण" अशी मायची परीक्षा घेऊ नका, नाव सांगा अन् बोला. पुण्याच्या भावाला हे सांगितलं, वरून म्हटलं दिवाळीत आठ दिवस मायजवळ तू अन् वहिनी राहा, आमचीवाली माहेरी जाऊन झोपून येईल. तो "बघतो" म्हणाला. मी बायकोचं रिझर्व्हेशन करून टाकलं.