तुम्ही विचारलंत म्हणून: कृष्णवर्णीय कलाकारांना वेगळा आधार कशाला?

चित्रकलेच्या इतिहासावर बोलायला गेले की हा प्रश्न हमखास येतो. कलेला कसला आलाय वर्ण? मग अमेरिकेत कृष्णवर्णीय कलाकारांसाठी वेगळे प्रयत्न कशाला?

मी न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतल्या शिल्पकार ऑगस्टा सॅव्हेज यांच्याबद्दल सांगते. १९२३ साली फ्रान्समधल्या एका उन्हाळी कलावर्गासाठी त्यांनी केलेला अर्ज अमेरिकी निवड समितीने फेटाळला, तो केवळ त्यांचा वर्ण पाहून. कला बघायची वेळच आली नाही.

पुढे महामंदी आली. बेकार कलाकारांना काम आणि पगार देण्यासाठी सरकारने १९३५ मध्ये देशभर ‘फेडरल आर्ट प्रोजेक्ट’ सुरू केला. योजना सगळ्यांसाठी होती, पण हार्लेमच्या कलाकारांना तिच्यात शिरायला संघटना बांधून भांडावं लागलं. हार्लेम हॉस्पिटलच्या काही भित्तिचित्रांचे आराखडे तर त्यांत कृष्णवर्णीयांचं जगणं फार दिसतं म्हणून रुग्णालयाच्या प्रमुखाने नाकारले होते! कलाकार हटले नाहीत, म्हणून ती चित्रं झाली.

१९३७ मध्ये याच योजनेतून हार्लेम कम्युनिटी आर्ट सेंटर उघडलं. ऑगस्टाबाई पहिल्या संचालिका. जेकब लॉरेन्स नावाच्या पोराला त्या योजनेच्या कचेरीत घेऊन गेल्या, तर वय २१ नाही म्हणून त्याला परत पाठवलं. तो ते विसरूनही गेला. बाई विसरल्या नाहीत. वय भरल्यावर त्याला पुन्हा घेऊन गेल्या. आठवड्याला २३ डॉलर ८६ सेंट पगार सुरू झाला, आणि दिवसभर चित्रंच काढायची. मला या गोष्टीतला हा पगार फार महत्त्वाचा वाटतो. पुढे रोझेनवाल्ड फंडाच्या शिष्यवृत्तीवर त्याने दक्षिणेतून उत्तरेकडे निघालेल्या आपल्या लोकांच्या स्थलांतरावर ६० चित्रं काढली. १९४१ मध्ये ती पूर्ण झाली. न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनमधल्या दोन संग्रहालयांनी ती निम्मी निम्मी विकत घेतली.

खुद्द बाईंचं काम मात्र असं जपलं गेलं नाही. १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात त्यांचं १६ फूट उंच प्लास्टरचं शिल्प उभं होतं: गाणारी मुलं हार्प या तंतुवाद्याच्या तारांसारखी ओळीने उभी. लोकांना ते आवडलं, त्याची पोस्टकार्डं खपली. पण ब्राँझमध्ये ओतायला पैसे नव्हते आणि ठेवायला जागाही नव्हती. प्रदर्शन संपल्यावर ते पाडून टाकलं. तो ओतकामाचा खर्च कोणत्या तरी संस्थेने उचलायला हवा होता, असं मी आजही ठासून म्हणते.